चमचाभर भाजी आणि तासभर लढाई

गेल्या वर्षी पंधरा दिवस मी ताईकडे हैदराबादला राहायला गेले होते. दिवसा लॅपटॉपवर काम आणि संध्याकाळी भाच्याबरोबर खेळ, असा मस्त बेत होता. पण रोज रात्री साडेआठ वाजले की घरातलं वातावरणच बदलायचं. चार वर्षांचा भाचा ताटासमोर ओठ घट्ट मिटून बसायचा. ताटात वरणभात, पोळी आणि चमचाभर दोडक्याची भाजी. चिऊचा घास जायचा, काऊचा घास जायचा, भाजीच्या घासाला मात्र गाडी अडायची. मग मोबाइलवर कार्टून, मग चॉकलेटचं आमिष, शेवटी भावजींचा चढलेला आवाज. एका रात्री तोंडात कोंबलेला घास त्याने ओकून टाकला. ताई फरशी पुसता पुसता रडायला लागली. "मीच कुठेतरी कमी पडतेय गं," एवढंच म्हणाली.

तुमच्याही घरी रात्रीचं जेवण असंच होत असेल, तर आजच्या गप्पा तुमच्यासाठी.

मूल हट्टी नाही, लहान आहे

पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या वेळच्या साधारण तिप्पट होतं. दोन ते पाच या वयात मात्र ते वर्षाला जेमतेम दोन किलोने वाढतं. वाढीचा वेग कमी झाला की भूकही कमी होते. "आधी सगळं खायचा, आता काहीच खात नाही" या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

याच वयात मुलांना अनोळखी पदार्थाची भीती वाटते. चालायला लागलेलं मूल दिसेल ते तोंडात घालू नये, म्हणून निसर्गानेच केलेली ही सोय असावी, असं अभ्यासक मानतात. त्यात लहान मुलांना कडू चव मोठ्यांपेक्षा जास्त जाणवते. म्हणजे आपल्याला साधी वाटणारी मेथी त्यांना खरोखरच कडू लागते. ते नाटक नसतं.

"एवढं संपव" म्हटलं की काय होतं?

अमेरिकेतल्या संशोधकांनी 2006 मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. बालवाडीच्या वयाच्या मुलांना सूप दिलं. कधी "सूप संपव" असं सांगत राहिले, कधी काहीच बोलले नाहीत. कोणी मागे लागलं नाही तेव्हा मुलांनी सूप जास्त प्यायलं आणि नाकं कमी मुरडली.

चॉकलेटच्या आमिषाचंही तसंच. "भाजी खाल्लीस तर चॉकलेट" हे ऐकून मूल एवढंच शिकतं की भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस. आजचा घास पोटात जातो, पण उद्याची आवड निघून जाते. मोबाइल बघत खाणारं मूल तर आपण काय खाल्लं आणि पोट कधी भरलं हेच विसरतं.

कामाची वाटणी करून टाका

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञांनी पालकांसाठी एक सोपी वाटणी सांगितली आहे. काय वाढायचं, कधी आणि कुठे बसून खायचं, हे आईबाबा ठरवणार. खायचं की नाही आणि किती खायचं, हे मूल ठरवणार. भाजी ताटात येणं आपल्या हातात आहे, ती तोंडात जाणं त्याच्या. मी ताईला हे सांगितलं, तर ती वैतागून म्हणाली, "मग तो उपाशी झोपेल!" म्हणून ताटात त्याच्या आवडीचा एक तरी पदार्थ ठेवायचा. वरणभात असला की उपाशी राहायचा प्रश्न येत नाही. फक्त भाजी नाकारली म्हणून वेगळी मॅगी करून द्यायची नाही.

आणि भाजी किती वाढायची? वयाच्या प्रत्येक वर्षामागे एक मोठा चमचा हा ढोबळ हिशोब पुरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या शिफारशीनुसार दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसभरात किमान 250 ग्रॅम भाज्या आणि फळं मिळायला हवीत. हे दोन्ही मिळून, दिवसभरात. त्यामुळे केळं, पपई, आमटीतला शेवगा, कोशिंबिरीतली काकडी, सगळं त्यात धरा.

पुन्हा, पुन्हा आणि पुन्हा

एखादी भाजी दोनदा नाकारली की आपण म्हणतो, "त्याला आवडत नाही." पण नव्या चवीची ओळख व्हायला आठ-दहा, कधी पंधरा वेळाही लागतात. दोन वर्षांच्या मुलांवर 1982 मध्ये झालेल्या अभ्यासात, एखादा पदार्थ जितक्या जास्त वेळा चाखला तितका तो जास्त आवडायला लागला, असं दिसलं. बघणं, हात लावणं, वास घेणं, जिभेला लावून परत ठेवणं, यातूनही ओळख वाढत जाते. म्हणून भाजी थुंकली तरी रागावू नका. चार दिवसांनी पुन्हा एक चमचा वाढा.

घरात सहज जमेल असं काही

बाजारात मुलाला सोबत न्या आणि एक भाजी त्याला निवडू द्या. महाराष्ट्राबाहेर राहत असाल तर नावांचा खेळच होतो. आपला दोडका हैदराबादला बीरकाया, बेंगळुरूला हीरेकाई आणि हिंदीत तुरई. भाच्याला ही चारही नावं पाठ झाली आणि दोडका त्याच्या ओळखीचा झाला.

मटार सोलायला, मेथी निवडायला, कोथिंबीर खुडायला बसवा. पसारा होईल, होऊ द्या.

पालकाची पुरी, भोपळ्याचे घारगे, कोबीचं थालीपीठ, कोथिंबीर वडी जरूर करा, पण "यात भाजी नाहीच" असं खोटं सांगू नका. आणि ताटात भाजी तिच्या खऱ्या रूपातही दिसू द्या.

पालेभाजीवर लिंबू पिळा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) पाच वर्षांखालची सुमारे 67 टक्के मुलं रक्तक्षयी आढळली होती. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे भाजीतलं लोह शरीराला जास्त मिळतं.

लहान मुलांना कच्च्या गाजराचे कडक तुकडे देऊ नका, घशात अडकू शकतात. किसून किंवा वाफवून द्या.

मात्र मुलाचं वजन वाढत नसेल, गिळताना वारंवार ठसका लागत असेल किंवा मोजून पाच-सहाच पदार्थ खात असेल, तर बालरोगतज्ज्ञांना जरूर दाखवा.

आणि तो "ई" कोणाचा?

आता माझीच एक गोष्ट कबूल करते. एका दुपारी ताईने गवार केली होती. मला गवार लहानपणापासून नको असते, म्हणून मी ती हळूच ताटाच्या कडेला सारली. शेजारी बसलेल्या भाच्यानेही त्याची गवार तशीच कडेला सारली आणि म्हणाला, "ई! मावशीला पण आवडत नाही." तो सूर, ते मुरडलेलं नाक, सगळं हुबेहूब माझं होतं. आम्ही रोज रात्री त्याला उपदेश करत होतो आणि तो आमची ताटं बघत होता. भावजी तर कारल्याच्या दिवशी सरळ लोणचं मागून घ्यायचे!

त्या दिवसापासून ताईने नियम केला: मोबाइल बाहेर, सगळे एकत्र बसणार, भाजी सगळ्यांच्या ताटात, आणि कोणी कोणाच्या ताटावर बोलायचं नाही. ताईच्या सासूबाईंना पहिले काही दिवस गप्प राहणं जड गेलं. मी गवार खाल्ली. हळूहळू, पण खाल्ली.

चमत्कार वगैरे काही झाला नाही. मी निघेपर्यंत भाच्याने दोडका फक्त एकदा चाटला होता. दीड महिन्याने ताईचा फोन आला, "आज दोन फोडी स्वतःहून खाल्ल्या!" कारल्याला तो अजूनही हात लावत नाही. पण आता रात्री साडेआठला त्या घरात कोणी रडत नाही. शाळेतल्या गमती ऐकायला मिळतात.

आज रात्री एवढंच करून बघा. भाजी वाढा, स्वतः चवीने खा आणि त्याच्या ताटाकडे बघूही नका. तो तुमच्या ताटाकडे बघतोच आहे.