‘सगळीकडे तेच आहे’ म्हणजे पुरावा नव्हे

कॉलेजची पोरं अधूनमधून गावाच्या इतिहासाचा प्रकल्प घेऊन माझ्याकडे येतात. वेस, देऊळ, जुनी लढाई, सगळं छान लिहिलेलं असतं. ‘हे कुठून घेतलं?’ विचारलं की उत्तर ठरलेलं. ‘सर, सगळीकडे तेच आहे.’ आणि ते खरंच असतं. दहा ग्रुपवर एकच मजकूर, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. पोरांना वाटतं दहा पुरावे मिळाले. मी म्हणतो, पुरावा एकच आहे आणि तो कुणाचा हेही माहीत नाही.

शिवाजी महाराजांच्या जन्मतारखेचंच बघा. महाराज १६२७ साली जन्मले असं बराच काळ मानलं जायचं. आधार काय, तर उत्तरकालीन बखरी. त्यातली मल्हार रामराव चिटणीसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, म्हणजे जन्मानंतर पावणेदोनशे वर्षांच्या आसपासची. पुढे १८२६ मध्ये ग्रँट डफचा इंग्रजी इतिहास छापून आला, त्यातही १६२७. मग काय, बखरीत आहे, साहेबाच्या पुस्तकात आहे, म्हणजे ‘सगळीकडे तेच’! पण इंग्रजीत छापलं म्हणून जुन्या ऐकीव माहितीला नवा साक्षीदार मिळत नाही.

मग भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली शकावली पुढे आली. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. कोरड्या, तारीखवार नोंदी, वर्णनाचा पसारा नाही. तिच्यात जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. पण एवढ्यावर अभ्यासक थांबले नाहीत. तिच्या इतर नोंदी दुसऱ्या कागदांशी ताडून पाहिल्या. महाराजांच्या काळातल्या कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यातही तीच तिथी निघाली. राजस्थानातल्या जुन्या संग्रहात सापडलेली कुंडलीही त्याच बाजूची. एक देशमुखांचं घर, एक कवी, एक ज्योतिषी. एकाने दुसऱ्याचं बघून लिहावं असा संबंध दिसत नाही, तरी तिघं एकच सांगतात. आज १९ फेब्रुवारीची सुट्टी मिळते ती या तारखेमुळे.

यातून मी चार प्रश्न काढतो. लिहिणारा घटनेच्या किती जवळ होता? त्याला हे कसं कळलं? खोटं किंवा वाढवून सांगण्यात त्याचा काही फायदा होता का? आणि त्याच्याशी संबंध नसलेला दुसरा कुणी तेच सांगतो का?

तिसरा प्रश्न विसरू नका. परमानंद दरबारी कवी होता, त्याची स्तुती पारखूनच घ्यावी लागते. म्हणून त्याने दिलेली तिथी टाकाऊ ठरत नाही. एकच साधन एका गोष्टीसाठी भरवशाचं आणि दुसरीसाठी कच्चं असू शकतं. ‘हे पुस्तक खरं की खोटं?’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कशासाठी खरं, ते विचारा.

आमच्या धंद्यालाही हे लागू आहे. पाच पेपरांत एकच बातमी दिसली तर आधी बघा, पाचही ठिकाणी एकच प्रेसनोट छापलीय का? तसं असेल तर तो एकच साक्षीदार, पाच वेळा बोललेला.

काही जण म्हणतील, प्रकल्पाचे दहा मार्क, एवढं कशाला? अहो, मार्कांपुरतं असतं तर मी लिहिलंच नसतं. जयंत्यांच्या दिवसांत हेच बिनबापाचे मेसेज फिरतात, त्यावरून गल्लीत डोकी फुटतात. गुन्हा दाखल झाला की पुढे पोलीस भरतीच्या चारित्र्य पडताळणीत तो आडवा येतो. मेसेज लिहिणारा मात्र कुठेच सापडत नाही.

शिक्षकांना विनंती, प्रकल्पात पानं मोजू नका. प्रत्येक दाव्यापुढे ‘हे पहिल्यांदा कुणी, कधी लिहिलं?’ एवढी एक ओळ मागा. उत्तर नसेल तर ‘आधार सापडला नाही’ असं लिहिणाऱ्या पोरालाही पूर्ण मार्क द्या. आणि ज्यांच्या माळ्यावर जुनी मोडी दप्तरं पडून आहेत, त्यांनी ती वाळवीला देऊ नका. मोडी वाचणाऱ्याला एकदा दाखवा. जेध्यांची शकावलीही एका घरातच होती.