बंद खोलीतील कुळाभिमान

रहस्यकथा म्हणजे रिकाम्या वेळेचे वाचन, असा समज आपल्या सुशिक्षित वर्गात रूढ आहे. बाबूराव अर्नाळकरांना चोरून वाचणाऱ्यांनीही तो जपला. जपानी लेखकांच्या 'बंद खोली'च्या कथा वाचल्यापासून आम्हाला मात्र तो मान्य करता येत नाही.

मुळात जपानी घरात बंद खोली आणायची कोठून? सरकती कागदी दारे आणि उघडे सोपे असलेल्या घरात आतून कडी लावलेला खून दाखविणे अवघडच. एदोगावा राम्पो यांनी १९२५ सालच्या एका कथेत या अडचणीशी झुंज घेतली. पुढे १९४६ साली सेइशी योकोमिझो यांनी 'होन्जिन हत्याकांड' ही कादंबरी क्रमशः लिहिली. विवाहाची रात्र, बाहेर बर्फ, मध्येच कोतो या तंतुवाद्याचा विचित्र झंकार, आणि आतून बंद दालनात वधूवरांचे मृतदेह. तलवार अंगणातील बर्फात रोवलेली; परंतु बाहेर जाणारे एकही पाऊल उमटलेले नाही.

वाचक या कोड्याने ओढला जातो, हे खरेच. परंतु आम्हाला थांबविले ते दालनापेक्षा घराण्याने. होन्जिन म्हणजे प्रवासी सरदारांचा मुक्काम जेथे पडे ते घर. तो मान केव्हाच लयास गेला, तरी घराण्याचा ताठा उरला आहे. वधूचे वडील एकेकाळी दुसऱ्याची जमीन कसणारे कूळ, म्हणून आप्तांचा या विवाहास विरोध. मराठीतील 'कूळ' शब्दाचे दोन्ही अर्थ येथे एका मांडवात समोरासमोर उभे राहतात! आणि ही कादंबरी प्रसिद्ध होत होती त्याच वर्षी जपानात कसणाऱ्याला जमीन देणारा कायदा झाला, हे इतिहासाच्या अभ्यासकाला विसरता येत नाही.

शोध लावणारा किंदाइची हा वधूच्या काकांनी बोलाविलेला गबाळ्या वेषाचा तरुण. तो बोलताना अडखळतो, डोके खाजवीत राहतो. भुताखेतांच्या सूचना त्याच्या कानी पडतात; तो मात्र दोर, लाकूड, बर्फ आणि वेळ यांचा हिशेब मांडतो. वाचकासमोरही तोच पुरावा ठेवलेला असतो. सोजी शिमादा यांनी तर १९८१ च्या कादंबरीत कथा मध्येच थांबवून, आता उत्तर तुम्हीच सांगा, असे वाचकाला आव्हान दिले. एवढा विश्वास आपली पाठ्यपुस्तकेही विद्यार्थ्यावर क्वचितच टाकतात.

योकोमिझोंच्या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद २०१९ साली निघाला. वरच्या वर्गातील मुलांच्या हाती तो देताना आम्ही शेवटची पाने आधी उघडू नका, एवढेच बजावतो.