सासूबाईंना घरी आणताना

कात्रपहून एका भगिनीने विचारलं आहे, "सासूबाईंना कॅन्सर आहे. आता आजारावर इलाज नाही, घरी न्या, त्रास होऊ देऊ नका, असं डॉक्टर म्हणाले. दोन खोल्यांची जागा, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मला जमेल का?"

जमेल, पण एकटीने नाही. हे आधी घरात स्पष्ट बोला. मुलगा सकाळची लोकल पकडतो, म्हणून आईची कूस बदलणं सुनेचंच काम, असं कुठे लिहिलेलं नाही. रात्रीची एक पाळी त्याची.

दुखणाईत माणसाला शांतता हवी म्हणून आतल्या खोलीत ठेवायची आपल्याकडे रीत आहे. मला ती पटत नाही. कुणाला माणसांची जाग हवी असते, कुणाला नको असते. सासूबाईंनाच विचारा. खिडकी जवळ असावी आणि संडास लांब नसावा, एवढं मात्र बघा. पुढे कमोडची खुर्ची लागेल. खुर्ची काय, दवाखान्यातली कॉट काय, दोन्ही भाड्याने मिळतात. कॉट नाही मिळाली तर घरच्या पलंगाच्या पायांखाली पक्के, न हलणारे लाकडी ठोकळे द्या, म्हणजे तुमची कंबर जाणार नाही. पलंग भिंतीपासून थोडा सुटा ठेवा. दोन्ही बाजूंनी हात पोचला पाहिजे.

गादीवर मेणकापड, त्यावर चौपदरी घडीची जुनी मऊ सुती साडी आडवी घाला. चुणी राहू देऊ नका, त्यानेही कातडी सोलवटते. दर दोन तासांनी कूस बदला. माकडहाड, टाचा रोज पाहा. लाल दिसलं की आपला हात तेलाच्या बाटलीकडे जातो. पण तिथे चोळू नका, त्या जागेवरचा भार काढा. हवेची गादी चांगली, पण ती विजेवर चालते. पावसाळ्यात वीज गेली तर काय, हे गादी आणतानाच दुकानदाराला विचारा. ऑक्सिजन लावला असेल तर त्या खोलीत समई-उदबत्ती अजिबात नको.

दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या असतील तर शेजारच्या काकू "सवय लागेल हं" म्हणतीलच. दुखण्यासाठी डॉक्टरांच्या मापाने घेतलेल्या गोळीचं व्यसन लागण्याची भीती फार थोडी. कळ येण्याची वाट न बघता घड्याळ लावून द्यायची. तिने शौचाला हमखास खडा होतो, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. २०१४ साली कायदा थोडा सोपा झाला, तरी ही गोळी दर दुकानात मिळत नाही. शेवटचं पाकीट उघडण्याआधीच परळची फेरी ठरवा. गोळ्या कुलपात ठेवा, दिलेली वेळ वहीत लिहा.

आणि जेवण. "दोन घास तरी खा" यावरून घरोघरी रडारड होते. शेवटी शेवटी भूकच मरते. सून जेवू घालत नाही, असं कुणी पाहुणा म्हणाला तर म्हणू दे. मागितलं तर उशीला टेकवून, चमच्याने, थोडंसं द्या. आडवं असताना पाणी पाजू नका, ठसका लागतो. ओल्या मऊ कापडाने तोंड पुसा, ओठांना व्हॅसलिन लावा. दम लागला तर चेहऱ्यावर हलका वारा घाला, बरं वाटतं.

आता एक कडू गोष्ट. वेळ आल्यावर घरी येऊन मृत्यूचा दाखला कोण देणार, हे आजच ठरवा. तीन जिने चढून येणाऱ्या फॅमिली डॉक्टरांना सगळे कागद दाखवून ठेवा, म्हणजे रात्री दोन वाजता धावाधाव होणार नाही. नगरपालिकेत नोंद एकवीस दिवसांत करायची असते.

घरी झेपेनासं झालं तर वांद्र्याला शांती आवेदना सदन आहे. १९८६ साली सुरू झालेलं, बऱ्या न होणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णांना मोफत सांभाळणारं. तिथे नेणं म्हणजे टाकून देणं नव्हे. पत्ता आणि प्रवेशाची चौकशी आधीच करून ठेवा.

शेजारणी "काही लागलं तर सांगा" म्हणतात ना? मग सांगाच. एकीने बुधवारी भाजी आणावी, दुसरीने रविवारी दुपारी दोन तास सासूबाईंजवळ बसावं. त्या दोन तासांत धुणं काढू नका, झोपा.