बोलली म्हणून शिक्षण थांबू नये

१४ जुलै २०२५ च्या रात्री भुवनेश्वरच्या ‘एम्स’मध्ये एका विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. ओडिशातल्या बालासोरच्या फकीर मोहन महाविद्यालयात ती बी.एड.चं शिक्षण घेत होती. विभागप्रमुख आपला लैंगिक छळ करतात, अशी तिची तक्रार होती. तिने ती दडवून ठेवली नव्हती. लेखी अर्ज दिला, प्राचार्यांना भेटली, प्रकरण महाविद्यालयाच्या तक्रार समितीपर्यंत गेलं. तरीही दाद लागत नाही असं दिसल्यावर १२ जुलैला तिने कॉलेजच्या आवारातच स्वतःला पेटवून घेतलं. त्यानंतर विभागप्रमुख आणि प्राचार्य निलंबित झाले, त्यांना अटक झाली, चौकशीसाठी समित्या आल्या.

मीही बी.एड. केलेलं आहे. हा अभ्यासक्रम ज्यांनी केला आहे त्यांना ठाऊक असेल की तिथे विद्यार्थिनीचं किती काही मोजक्या लोकांच्या हातात असतं. सराव पाठाचं निरीक्षण, पाठाच्या वहीवरची सही, हजेरी, अंतर्गत गुण. यातलं एक जरी कुणी अडवून धरलं तरी वर्ष वाया जातं. अशा ठिकाणी वरच्या माणसाविरुद्ध अर्ज लिहायला किती हिंमत लागली असेल, याचा विचार करावा.

पण या बातमीवर आपल्या मोहल्ल्यांत जे बोललं गेलं, त्याची मला जास्त काळजी वाटते. “इसी लिए बोलते हैं, लड़कियों को इतना दूर मत भेजो.” हे वाक्य मी त्या आठवड्यात अनेकांकडून ऐकलं. बोलणारे वाईट लोक नव्हते. लेकीबाळींच्या काळजीने बोलत होते. तरी या वाक्याचा परिणाम काय होतो ते नीट पाहायला हवं.

उच्च शिक्षणाच्या सरकारी सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात सुमारे २१ लाख मुस्लिम विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते आणि त्यात जवळपास निम्म्या मुली होत्या. या मुली सहज तिथे पोहोचलेल्या नाहीत. कुणाच्या आईने शिलाईकाम करून फी भरली आहे, कुणाच्या वडिलांनी भावांचं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आहे, कुणाचा निकाह दोन वर्षं पुढे ढकलला आहे. घरातली परवानगी कच्च्या धाग्यावर टांगलेली असते आणि हे त्या मुलीला इतर कुणापेक्षा जास्त कळतं.

आता अशा मुलीला कॉलेजात कुणी त्रास दिला तर ती काय करेल? घरी सांगितलं तर अम्मी आधी रडेल, मग अब्बूंना सांगेल, मग चाचा आणि मामू बसतील आणि दुसऱ्या दिवसापासून कॉलेज बंद होईल. ज्याने त्रास दिला तो मात्र रोज कॉलेजात जात राहील. म्हणजे गुन्हा त्याचा आणि शिक्षा हिला. मुलगी हा हिशेब मनात करते आणि गप्प बसते. त्रास देणाऱ्यालाही हा हिशेब माहीत असतो. आपल्या घरांची भीती हीच त्याची ढाल होते.

मला या लेखात एवढंच म्हणायचं आहे. कॅम्पसमधली लैंगिक हिंसा रोखायची असेल तर बोलण्याची किंमत मुलीच्या शिक्षणातून वसूल करणं थांबवलं पाहिजे. घरानेही आणि कॉलेजनेही.

आधी कॉलेजचं पाहू. कायदा नाही, ही सबब आता कुणाला देता येणार नाही. १९९२ साली राजस्थानात भंवरी देवी या ‘साथिन’वर सामूहिक बलात्कार झाला. बालविवाह रोखण्याचं तिचं काम गावातल्या प्रतिष्ठितांना खुपलं होतं. त्या अन्यायातून पुढे आलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ‘विशाखा’ मार्गदर्शक तत्त्वं दिली. २०१३ मध्ये कायदा झाला आणि २०१५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठं व महाविद्यालयांसाठी वेगळे नियम केले. एका खेड्यातल्या कुंभार समाजाच्या बाईने सोसलं, म्हणून आज शहरातल्या विद्यार्थिनीच्या हातात काहीतरी आहे.

२०१५ चे हे नियम प्रत्येक पालकाने समजून घ्यावेत असे आहेत. कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असलीच पाहिजे. तिची अध्यक्ष वरिष्ठ प्राध्यापिका असावी, निम्म्याहून कमी स्त्रिया नसाव्यात, बाहेरच्या संस्थेची एक व्यक्ती असावी आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी प्रतिनिधीही असावेत. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा पदांवरच्या लोकांनी समितीत बसायचं नाही. चौकशी ९० दिवसांत संपवायची. चौकशी चालू असताना आरोप असलेल्या व्यक्तीला त्या मुलीचे पेपर तपासण्यापासून, तिला गुण देण्यापासून दूर ठेवता येतं. विद्यार्थिनीला हवं तर त्याचा किंवा तिचा विभाग बदलता येतो. ‘तक्रार केली तर सर नापास करतील’ या भीतीवर नियमांत उत्तर आहे. पण किती विद्यार्थिनींना ते कुणी सांगितलं आहे?

मुदतीचंही लक्षात ठेवायला हवं. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. घाबरून गप्प बसलेल्या मुलीची ही मुदत परीक्षा, सुट्ट्या, रमजान, ईद यांत कधी निघून जाते, कळतही नाही.

एक गोष्ट भाषेची शिक्षिका म्हणून सांगते. आपल्या मुली त्रासाबद्दल अजिबात बोलत नाहीत, असं नाही. त्या बोलतात, पण झाकून. “वो सर अच्छे नहीं हैं.” “उनकी नज़र ठीक नहीं.” मराठीत म्हणतात, “ते सर तसेच आहेत.” ‘तसेच’ म्हणजे कसे, हे विचारायचं नाही आणि सांगायचं नाही, असा अलिखित करार असतो. अशा शब्दांवर तक्रार उभी राहत नाही. नकोसा स्पर्श, शरीरावरून शेरे, अश्लील फोटो किंवा मेसेज पाठवणं, गुणांचं आमिष, ‘बघून घेईन’ची धमकी. या गोष्टींना त्यांच्या नावाने हाक मारायला मुलींना शिकवलं पाहिजे, आणि ते आठवी-नववीपासून. उर्दू माध्यमातून दहावी झालेली मुलगी मराठी किंवा इंग्रजी कॉलेजात जाते तेव्हा तिला आणखी एक अडचण येते. अर्ज कुठल्या भाषेत लिहायचा? नियम सांगतो की लेखी तक्रार करणं जमत नसेल तर समितीच्या अध्यक्षांनी किंवा सदस्यांनी ती लिहायला मदत केली पाहिजे. मुलीने तोंडी सांगायचं, लिहून घेणं त्यांचं काम.

कागदावर इतकं असून बालासोर का घडतं? कारण बऱ्याच ठिकाणी समिती म्हणजे जिन्याखाली लावलेला एक फलक असतो. त्यावरचे दोन सदस्य निवृत्त झालेले, एक नंबर बंद. समिती आहे पण तिला चौकशी कशी करायची याचं प्रशिक्षण नाही, असंही असतं. त्याचं उदाहरण आपल्या शेजारीच, गोव्यात आहे. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाविरुद्ध २००९ मध्ये विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या. चौकशी झाली, त्याला नोकरीवरून काढलं. पण चौकशीच्या शेवटी समितीने घाई केली, आरोपीला बाजू मांडायला पुरेशी संधी दिली नाही, म्हणून १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली आणि प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. चौदा वर्षांनी! त्या मुली तोवर कुठल्या कुठे गेल्या असतील. त्याच निकालात न्यायालयाने देशभरात या कायद्याच्या अंमलबजावणीत गंभीर त्रुटी असल्याचं नोंदवून सरकारांना आदेश दिले. चौकशी नीट, नियमाने करणं हा आरोपीवर उपकार नसतो. मुलीला मिळालेला न्याय पुढे टिकावा म्हणून ते लागतं.

दुसरीकडे, सुरक्षिततेच्या नावाखाली कॉलेजं काय करतात? मुलींच्या वसतिगृहाला संध्याकाळीच कुलूप. सप्टेंबर २०१७ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात एका विद्यार्थिनीची छेड काढली गेली. तिला मदत करण्याऐवजी ती इतक्या उशिरा बाहेर का होती, असं विचारलं गेल्याचं विद्यार्थिनी सांगत होत्या. त्या आंदोलनाला बसल्या आणि त्यांच्यावर लाठ्या चालल्या. खरं तर आयोगाच्याच नियमांत स्पष्ट म्हटलं आहे की सुरक्षिततेचं कारण सांगून मुलींच्या वसतिगृहांना मुलांपेक्षा वेगळे, जाचक नियम लावू नयेत. कुलूप लावणारं वसतिगृह आणि कॉलेज बंद करणारं घर यांचा विचार सारखाच आहे. धोका दुसऱ्याकडून, पण कोंडायचं हिला.

यावर हमखास येणारा प्रश्न म्हणजे खोट्या तक्रारींचा. जाणूनबुजून खोटी तक्रार केल्याचं सिद्ध झालं तर कारवाईची तरतूद नियमांत आहे. मात्र केवळ पुरावा देता आला नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, हेही तिथेच लिहिलेलं आहे. आणि बदनामीची भीती वाटत असेल तर ती आधी मुलग्यांच्या बाबतीत वाटू द्या. आपण मुलींना ओढणी, चाल, आवाज सगळं शिकवतो. मुलग्याच्या मोबाइलमध्ये काय आहे, तो मित्रांच्या ग्रुपमध्ये वर्गातल्या मुलींबद्दल काय लिहितो, हे कोण विचारतं? सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा आदेश तिसाव्या आयतीत आधी पुरुषांना आहे, स्त्रियांना त्यानंतरच्या आयतीत. आपल्या बयानांमध्ये हा क्रम बहुतेक वेळा उलटा होतो. शिवाय, त्रास फक्त मुलींनाच होतो असंही नाही. मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही याचे बळी होतात, हे आयोगाच्या नियमांनीही मान्य केलं आहे. मुलगा असून असं सांगायचं कसं, या लाजेने तेही गप्प राहतात.

गप्प राहिलेलं माणूस आतून खचत जातं. झोप उडते, जेवण सुटतं, अभ्यासात लक्ष लागत नाही, मुलगी तास चुकवू लागते. कॉलेजला त्यात फक्त हजेरीची कमतरता दिसते. घरात म्हणतात, नज़र लगी है, कुछ असर है. मग तावीज येतो, दम केलेलं पाणी येतं. दुआ जरूर करा, पण तिला शेजारी बसवून विचाराही. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यानुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायचा आहे. सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत मिळते आणि तिथे मराठीतही बोलता येतं. समुपदेशकाकडे जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे, हे आपल्या घरांत मोठ्याने बोललं गेलं पाहिजे. समुपदेशकाने मात्र एक पथ्य पाळायला हवं. मुलीला ‘विसरून जा’ शिकवण्यासाठी त्याला नेमलेलं नाही. तिला उभं राहायला मदत करायची आणि तक्रार करायची की नाही हे तिला ठरवू द्यायचं.

दरवर्षी दहावी-बारावीच्या निकालानंतर पालक माझ्याकडे कॉलेजबद्दल विचारायला येतात. प्रश्न ठरलेले असतात. कॉलेज फक्त मुलींचं आहे का? किती लांब आहे? बस थेट जाते का? स्कार्फ चालतो का? हे प्रश्न विचारावेतच. त्यात आणखी तीन घाला आणि ते कॉलेजच्या कार्यालयात जाऊन विचारा. तक्रार समितीत कोण आहेत आणि त्यांचे नंबर चालू आहेत का? विद्यार्थी प्रतिनिधी निवडले आहेत का? समुपदेशक आठवड्यातून किती दिवस बसतात? दहा पालकांनी एका कॉलेजात हे विचारलं तर जिन्याखालचा फलक आठवड्यात बदलेल.

घरासाठी काम एकच आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. प्रवेशाच्या दिवशी मुलीला जवळ बसवून अब्बूंनी स्वतः सांगावं: “बेटा, कुणी त्रास दिला तर आम्हाला सांग. कॉलेज तुझंच राहील. आपण सगळे त्याला जाब विचारायला जाऊ, तुला घरी बसवणार नाही.” हे अम्मीने सांगून पुरत नाही, कारण कॉलेज बंद करण्याचा निर्णय कोण घेतं हे मुलीला माहीत असतं. आणि एकदा सांगून विसरू नये. सहा महिन्यांनी पुन्हा सांगावं, धाकट्या भावासमोर सांगावं, म्हणजे तोही शिकेल.

बालासोरच्या त्या मुलीला उद्या कुठल्या तरी शाळेत मुलांसमोर उभं राहायचं होतं. ती बोलली होती. ऐकायचं काम इतरांचं होतं.