लांब हाताला वजन कमी



माती उकरणाऱ्या कोणत्याही पिवळ्या यंत्राला आपण 'जेसीबी' म्हणतो. वास्तविक ते एका इंग्रज कारखान्याचे नाव. त्याच कारखान्याने १९७७ साली 'लोडॉल' नावाचे निराळे यंत्र काढले. हा लांब होणाऱ्या हाताचा फोर्कलिफ्ट.

साधा फोर्कलिफ्ट गोदामाच्या फरशीवर चालतो व ओझे सरळ वर उचलतो. ह्या यंत्राला शेतात चालतील अशी मोठी चाके असतात आणि नळीतून नळी सरकावी तसा त्याचा हात वर व पुढे लांबतो. ट्रकच्या पलीकडच्या कडेला थप्पी लावावी, गंजीवर कडबा चढवावा, काटे काढून बादली बसवली की शेणखत भरावे, अशी कामे एकच यंत्र करते.

आम्ही ह्या यंत्राच्या बाजूचे आहोत. एका माणसाने ५५ किलोंहून जड ओझे नेहमी वाहू नये, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच केली. तरी आपल्याकडे त्याहून जड पोती आजही पाठीवर चढतात, आणि चाळिशीतच कंबर धरून बसलेले गडी आपण पाहतो. एकट्याला हे यंत्र परवडणार नाही. सोसायटीने घ्यावे किंवा चौघांनी मिळून भाड्याने आणावे.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 'तीन टनांचे यंत्र' म्हणजे हात आखडलेला असताना तीन टन. हात पूर्ण पुढे काढला की बहुधा त्याच्या निम्मेही पेलत नाही. गाडीत मागे जास्त भार झाला की ती उलाळ होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. इथे तोच प्रकार पुढच्या बाजूला होतो. किती लांबीला व किती उंचीला किती वजन चालेल, ह्याचा तक्ता चालकापाशी असतो. तो मागून पाहावा. तक्ता माहीत नसलेल्या चालकाला काम देऊ नये.

ओझे नेताना हात आखडलेला व खाली असावा. उतारावर हात वर करू नये. वर विजेची तार असेल तेथे यंत्र नेऊच नये. हात बहुधा चालकाच्या उजवीकडे असतो, तिकडचे त्याला नीट दिसत नाही. मुलांना लांब ठेवावे.

आणि शेवटचे. मिरवणुकीत बादलीत उभे राहून गुलाल उधळणारे आपण पाहतो. सणाच्या माळा लावायला, कौले शाकारायला कोणी काट्यांवर चढू म्हणेल. त्याला आताच अडवा. काटे पोत्यांसाठी आहेत. माणसाला वर न्यायचे तर त्यासाठी बनवलेला कठड्याचा पाळणाच हवा. तो नसेल तर आपली शिडी बरी.

पाठ वाचवायला आणलेल्या यंत्राने जीव घेऊ नये, एवढेच आमचे सांगणे.