‘जमत नाही’ आणि ‘होऊच शकत नाही’

सुडोकू म्हणजे काय, हे आता कोणाला समजवावं लागत नाही. मुलुंडहून सीएसएमटीला जाणाऱ्या लोकलमध्ये पेपरची चौघडी करून सुडोकू सोडवणारे काका-काकू आपण सगळ्यांनी पाहिलेत. खेळाचं नाव जपानी असलं तरी तो जन्मला अमेरिकेत. हॉवर्ड गार्न्स या वास्तुविशारदाचं हे कोडं 1979 मध्ये तिथल्या कोड्यांच्या मासिकात आलं, 1984 मध्ये जपानच्या निकोली मासिकाने ते उचललं आणि पुढे जगभर पसरलं. जागतिक सुडोकू स्पर्धा 2008 साली आपल्या शेजारी गोव्यात झाली होती, हे मात्र बऱ्याच शिक्षकांनाही माहीत नसतं.

मला लिहायचंय ते सुडोकूच्या एका भावंडाबद्दल. यात अंक तर भरायचेच, शिवाय घरांमधून एक बंद लूप काढायचा. लूप फक्त आडवा-उभा जातो, तिरका नाही. एका घरातून एकदाच जातो, स्वतःला छेदत नाही आणि सुरुवातीच्या घरात परत येतो. मुलांना हे पटकन कळतं, कारण ठिपक्यांची रांगोळी त्यांनी पाहिलेली असते. आमच्याकडच्या तमिळ कुटुंबांतली मुलं तर लगेच “हे कोलमसारखं!” म्हणतात. (कोलमची रेघ स्वतःला छेदते, आपली नाही. हा फरकही मुलांनीच सांगितला.)

अंकांकडे जाण्याआधी नुसता लूप द्या. चौकटीच्या वहीत 4×4 चा चौकोन आखून म्हणा, सगळ्या घरांतून जाणारा एक लूप काढा. दोन मिनिटांत होतो. मग 5×5 द्या. इथे खोडरबर झिजायला लागतात. दहा मिनिटांनी वर्गातून एकच सूर, “बाई, जमत नाही. एक घर राहतंच.”

आपली सवय काय? “नीट बघ, प्रयत्न कर.” इथे ते म्हणू नका. फक्त विचारा, “कोणतं घर राहतं?” कोणाचा कोपरा राहिलेला असतो, कोणाचं मधलं घर. मग चौकोन बुद्धिबळाच्या पटासारखा रंगवायला सांगा. कोपऱ्याच्या रंगाची घरं 13, दुसऱ्या रंगाची 12. लूप काळ्यावरून पांढऱ्यावर, पांढऱ्यावरून काळ्यावर असाच जातो. निघालेल्या घरी परत यायचं तर दोन्ही रंगांची घरं सारखीच हवीत. म्हणजे लूपमध्ये घरं नेहमी सम. 25 विषम! एक घर राहणारच, आणि एकच राहिलं तर ते कोपऱ्याच्या रंगाचंच असणार.

त्या क्षणी ‘मला जमत नाही’ याचं ‘हे कोणालाच जमणार नाही, आणि का ते मी सांगू शकते’ असं होतं. गणितात ज्याला सिद्धता म्हणतात ती हीच. भूमितीत ‘पक्ष-साध्य’ लिहून घेताना मुलांना तिची चव कितपत कळते, मला शंकाच आहे.

आता अंक आणा. मला आवडणारा नियम असा: लूपवर शेजारी येणाऱ्या दोन अंकांत किमान 5 चा फरक हवा. एवढ्यावरून काय काय निघतं बघा. 5 ला जोडीदारच नाही, त्याला 0 किंवा 10 लागेल. म्हणून 5 लूपवर कधीच नाही. प्रत्येक ओळीत एक 5 असतोच, म्हणजे 81 पैकी निदान 9 घरं लूपबाहेर. उरलेल्यांत 1 ते 4 लहान आणि 6 ते 9 मोठे, लूपवर ते आळीपाळीने येणार. आणि आळीपाळी म्हटलं की परत आपला काळा-पांढरा पट! लूपवरचे सगळे लहान अंक एकाच रंगाच्या घरांत. म्हणजे लूपवरचा एक अंक कळला की लूपवरच्या प्रत्येक घरात लहान की मोठा ते सांगता येतं.

4 ची गंमत वेगळीच. त्याच्याशी जमतो फक्त 9, म्हणून लूपवर 4 च्या दोन्ही बाजूंना 9 हवेत. एका ओळीत दोन 9 चालत नाहीत, तेव्हा 4 पाशी लूप वळलाच पाहिजे. आणि नऊ घरांच्या पेटीच्या अगदी मधल्या घरात तो 4 येऊ शकत नाही, कारण मग दोन्ही 9 एकाच पेटीत पडतील. 6 आणि 1 चंही असंच. हे मुलांकडून काढून घ्या, आधी सांगू नका.

पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: याने स्कॉलरशिपचे मार्क वाढतील का? खरं सांगायचं तर लगेच नाही. तिथे दीड तासात 75 प्रश्न असतात, एकाला 72 सेकंद. तो सराव वेगळा, जरूर करा. पण आपण सगळंच घड्याळ लावून करायला लागलोय. अबॅकसमध्ये स्टॉपवॉच, मोबाइलच्या सुडोकूत वर टायमर, आणि चुकीचा अंक टाकला की तो लाल होतो. लाल झाला की मूल दुसरा टाकून बघतं. विचार अ‍ॅपने केला, मुलाने फक्त बोट लावलं. म्हणून माझा हट्ट: लूपचं कोडं कागदावर, घड्याळाशिवाय, आणि दोघांत एक. दोघांत एक दिलं की मूल बोलतं, “इथे 4 का नाही?” असं समोरच्याला विचारतं. पहिल्या तासाला वर्गात गोंधळ होतो, होऊ द्या.

घरी करून बघायचं असेल तर 6×6 घ्या. 36 घरं सम, लूप होतो. एक घर खोडलं की 35, होणार नाही हे तुमचं मूल आता सांगेल. मग समोरासमोरचे दोन कोपरे खोडा. 34 घरं, सम आहेत. मुलाला आधी विचारा, होईल की नाही? मग पेन्सिल द्या.