दात वाचतात, पण कुणाचे?

वय झाले की दात पडायचेच, ही समजूत आपल्या समाजात इतकी रूढ आहे की, तिच्याविषयी शंका घेण्याचेही कुणाला सुचत नाही. चाळिशीतला कारकून किंवा शिक्षक हलणारा दात काढून घेतो, पुढे कवळी बसवितो आणि हे सारे निसर्गक्रमाने झाले असे मानून स्वस्थ राहतो. वस्तुतः असे दात बहुधा वयाने नव्हे, रोगाने गेलेले असतात. आणि तो रोग वेळीच अडविता आला असता.

हा रोग काही आजचा नव्हे. सुश्रुतसंहितेने दंतमुळाचे पंधरा रोग सांगितले असून, हिरड्यांतून पू व रक्त येऊन दात हलू लागण्याच्या अवस्थेला ‘दंतवेष्ट’ असे नाव दिले आहे. मागच्या पिढ्यांनी त्यालाच पायोरिया म्हटले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सुमारे १९ टक्के प्रौढांना, म्हणजे शंभर कोटींहून अधिक लोकांना, त्याच्या तीव्र स्वरूपाने ग्रासले आहे. त्याची चाल मात्र चोरपावलांची असते. दातांवर जिवाणूंचा थर साचतो, तो कडक होऊन कीटण बनते, हिरडी सुजते व दातापासून सुटू लागते आणि त्या फटीच्या तळाशी जबड्याचे हाड झिजत जाते. दुखणे असे फारसे नसतेच. धूम्रपान करणाऱ्याच्या हिरडीतून तर रक्तही कमी येते. म्हणजे धोक्याची एकुलती एक सूचनाही त्याला मिळत नाही. दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ मध्ये बंदी झाली. घरोघरची मिश्री मात्र अद्याप गेलेली नाही.

हाड पुष्कळ झिजल्यावर रुग्ण दंतवैद्याकडे जातो आणि तेथे ‘शस्त्रक्रिया’ हा शब्द ऐकून घाबरतो. या शस्त्रक्रियेत विलक्षण असे काही नाही. जागा बधिर करून हिरडी दातावरून व हाडावरून अलगद उचलतात, मुळांवरील कीटण आणि सडलेला भाग डोळ्यांदेखत स्वच्छ करतात आणि हिरडी पुन्हा शिवून टाकतात. हाड एका बाजूने खड्ड्यासारखे झिजले असेल, तर त्यात हाडाची भर घालून किंवा पडदा बसवून काही प्रमाणात ते पुन्हा वाढविता येते. सगळीकडून सारखेच खाली गेलेले हाड मात्र परत येत नाही. तेथे उरलेले राखणे एवढेच साध्य असते. शस्त्रक्रियेनंतर दात लांब दिसतात, गारठा झोंबतो. हे आधीच सांगितले नाही, तर रुग्णाला आपली फसवणूक झाली असे वाटते.

तथापि या शस्त्रक्रियेचे खरे मर्म तिच्या आधी आणि नंतर आहे. युरोपातील तज्ज्ञांनी २०२० मध्ये ठरविलेल्या उपचारपद्धतीनुसार आधी कीटण काढून मुळे साफ करावयाची, काही आठवड्यांनी पुन्हा तपासावयाचे आणि तरीही सहा मिलिमीटर वा अधिक खोलीचे कप्पे उरले, तरच चाकू हाती घ्यावयाचा. जो रुग्ण तोंड स्वच्छ ठेवू शकत नाही, त्याच्यावर शस्त्रक्रिया करूच नये, असेही ते बजावतात. पुढे दर तीन ते बारा महिन्यांनी तपासणी व सफाई. आणि तीही जन्मभर. ही निगा सुटली की रोग परततो आणि केलेला खर्च पाण्यात जातो.

आता हे सारे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील माणसाला लावून पाहावे. दंतवैद्यांच्या पाट्यांची येथे वाण नाही. परंतु दंतोपचारांचा खर्च सामान्यतः आरोग्यविम्यात बसत नाही आणि तो खिशातून करणे प्रत्येकाला परवडत नाही. मुंबईचे शासकीय दंत महाविद्यालय छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसनजीक आहे आणि बदलापूरहून तेथवर ६८ किलोमीटरचा लोकलप्रवास आहे. सफाईसाठी एक-दोन खेपा, फेरतपासणीची एक, शस्त्रक्रियेची एक, टाके काढण्याची आणखी एक. आणि तोंडाच्या चारही भागांत रोग असेल, तर शेवटच्या दोन्ही खेपा अनेकदा. तितक्या रजा कारकुनाला कोण देणार आणि रोजंदारीवरच्या कामगाराची बुडालेली मजुरी कोण भरून देणार? म्हणून तो अखेरीस दात काढून घेतो. त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. पण त्याच्या परिस्थितीत त्याचा हिशेब चुकीचा नसतो, हेच दुःख आहे.

क्षय आणि कुपोषण यांनी गांजलेल्या देशात हिरड्यांचे कौतुक कशाला, असा आक्षेप येईल. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु मधुमेहाने हिरड्यांचा रोग बळावतो आणि या रोगामुळे रक्तातील साखर आवरणे कठीण होते, हे आता सिद्ध झाले आहे. शिवाय या रोगात स्वस्त असतो तो आरंभ, महाग असतो तो शेवट. डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले की, दात घासणे थांबविताच निरोगी हिरड्या दोन-तीन आठवड्यांत सुजतात आणि घासणे सुरू करताच पूर्ववत होतात. त्या टप्प्यावर औषध म्हणजे ब्रश आणि सवय. तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली रीत येथे फार महाग पडते.

तेव्हा प्रत्येक रुग्णालयात हिरड्यांचा शल्यविशारद बसवा, अशी मागणी करण्याचे कारण नाही. शस्त्रक्रिया एखाद्या वेळी दूर जाऊन करता येईल. तिच्या आधीची आणि नंतरची निगा मात्र घराजवळच हवी. जिल्हा रुग्णालयांत व त्याखालील रुग्णालयांत दंतोपचारांची सोय वाढविणे, हाच २०१४-१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमाचा हेतू आहे. उल्हासनगरला शासकीय मध्यवर्ती रुग्णालय आहे. अंबरनाथच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. या ठिकाणी सफाई, क्ष-किरण तपासणी आणि सहामाही फेरतपासणी संध्याकाळी किंवा रविवारी मिळाली, मधुमेहाच्या रुग्णाच्या हिरड्या त्याच खेपेत पाहिल्या गेल्या आणि मुंबईत शस्त्रक्रिया झालेल्यांची पुढची नोंद येथे राहिली, तर पुष्कळ दात वाचतील.

वाचकांनीही एवढे करावे: सफाईने दात सैल होतात ही समजूत सोडावी. कीटण निघाल्यावर दिसणारी फट सफाईने पडलेली नसते, ती रोगाने आधीच पाडलेली असते. शिक्षकांनी हे वर्गात सांगितले, तर पुढच्या पिढीला त्या शस्त्रक्रियेची गरजच कमी पडेल. शासनाने मात्र हे शिक्षकांवर सोपवून मोकळे होऊ नये.